रिपोर्टात 'डिमायलिनेशन?' असं लिहून आलंय : एमआरआय नेमकं काय दाखवतो?

मुक्तछंद

माझ्या धाकट्या बहिणीचा (वय ३४) मेंदूचा एमआरआय झाला. कारण होतं डोकेदुखी. रिपोर्टाच्या शेवटी असं लिहून आलं : मेंदूच्या पुढच्या भागात, दोन्ही बाजूंना, पांढऱ्या द्रव्यात टी२ आणि फ्लेअरवर (हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार) उजळ दिसणारे बारीक ठिपके. पुढे एकच शब्द, 'डिमायलिनेशन', आणि त्याला प्रश्नचिन्ह. शेवटी 'लक्षणांशी ताडून पाहावे'.

न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली अकरा दिवसांनी. त्या अकरा दिवसांत तिनं तो शब्द शोधला, त्यातून मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, या नावापाशी पोचली आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाचत बसली. चौथ्या दिवशी तिला पाय जड वाटायला लागले. सहाव्या दिवशी बोटांना मुंग्या. हे ती मुद्दाम करत नव्हती, तिला खरोखर तसं होत होतं. मी शेजारी बसून बघत होते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टरांनी चाळीस मिनिटं तपासलं. डोळे, चेहरा, हातापायांची ताकद, गुडघ्यावर हातोडी, तळव्यावरून टोकदार वस्तू ओढून बोटं कुठे वळतात ते. मग रिपोर्ट बाजूला ठेवून सीडी संगणकावर लावली आणि स्वतः एकेक चित्र पाहिलं. म्हणाले, "हे मायग्रेन आहे. असे ठिपके मायग्रेनवाल्यांत पुष्कळदा दिसतात. एमएसचे डाग ज्या जागी बसतात, तिथे यातला एकही नाही."

त्या 'जागी' या शब्दावर मी अडकले. म्हणजे ठिपका असण्याला तेवढा अर्थ नाही, तो कुठे आहे याला आहे. मग मी वाचत गेले. जे कळलं ते लिहिते, चुकलं तर जाणकारांनी नक्की दुरुस्त करा.

मज्जापेशीची लांब शेपटी म्हणजे अॅक्सॉन. तिच्याभोवती मेदाचे थर गुंडाळलेले असतात, ते मायलिन. मेंदूत आणि मज्जारज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी तयार करतात. मायलिन शाबूत असेल तर संदेश भरभर जातो. ते झिजलं किंवा शरीराच्याच प्रतिकारशक्तीनं त्यावर हल्ला केला, तर संदेश रेंगाळतो किंवा अडतो. हे झालं डिमायलिनेशन. एमएसमध्ये प्रतिकारशक्तीचा असा हल्ला होतो.

मला वाटत होतं की एमआरआय मायलिनचा फोटो काढतो. तसं नाही. तो मुख्यतः पाणी बघतो. निरोगी पांढरं द्रव्य मेदानं भरलेलं, त्यात मोकळं पाणी कमी, म्हणून टी२ चित्रात ते काळपट दिसतं. मायलिन गेलं, सूज आली, की त्या जागी पाणी वाढतं आणि ठिपका उजळ होतो. पण रक्तपुरवठा कमी पडला तरी पाणी वाढतं, संसर्ग झाला तरी वाढतं, वयानंही वाढतं. ठिपका एवढंच सांगतो की इथे पाणी जास्त आहे. का, ते तो सांगत नाही.

माझ्या बहिणीला हे एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कोणी सांगितलं असतं तर ती अकरा रात्री झोपली असती. म्हणून हा धागा.

किरणवाचक

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. तुम्ही लिहिलेलं बरोबर आहे. थोडी भर घालतो.

मायलिनच्या थरांमध्ये अडकलेलं पाणीही असतं, पण त्याचा सिग्नल इतक्या लवकर मावळतो की नेहमीच्या तपासणीत तो पकडलाच जात नाही. तो वेगळा मोजण्याच्या पद्धती आहेत, त्या अजून बहुतेक संशोधनातच वापरल्या जातात. रोजच्या कामात आम्ही मायलिन गेल्याची खूण बघतो, मायलिन नाही.

फ्लेअर हे टी२चंच रूप, फक्त त्यात मेंदूभोवतीच्या आणि मेंदूच्या पोकळ्यांमधल्या पाण्याचा सिग्नल दाबलेला असतो. साध्या टी२मध्ये पोकळीतलं पाणी लख्ख पांढरं, आणि तिच्या कडेला चिकटलेला डागही पांढरा, म्हणून तो हरवतो. फ्लेअरमध्ये पोकळी काळी होते आणि कडेचा डाग उठून दिसतो.

आता जागा. एमएस शोधताना चार ठिकाणं आधी बघतो : पोकळ्यांच्या अगदी कडेला, मेंदूच्या सालीत किंवा सालीला चिकटून, खाली मेंदूस्तंभ आणि लहान मेंदूत, आणि मज्जारज्जूत. डाग निदान ३ मिलिमीटरचा हवा. आणि 'कडेला' म्हणजे पोकळीला टेकलेला, मध्ये निरोगी पट्टी नसलेला. मुक्तछंद, तुमच्या बहिणीचे ठिपके बहुधा पोकळी आणि साल यांच्या मधल्या पट्ट्यात, सुटेसुटे असणार. मायग्रेन, रक्तदाब, धूम्रपान आणि वाढतं वय यांचे ठिपके बहुतेक तिथेच असतात.

आकारही बोलतो. एमएसचे डाग लहान शिरांभोवती तयार होतात आणि त्या शिरा पोकळीकडे काटकोनात येतात. त्यामुळे डाग लांबुळके, पोकळीवर उभे राहिल्यासारखे दिसतात. बाजूनं घेतलेल्या चित्रात बोटं पसरल्यासारखी वाटतात. एडिंबरोच्या जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली याचं वर्णन केलं होतं, म्हणून आजही आम्ही त्यांना 'डॉसनची बोटं' म्हणतो. एमआरआय यायला तेव्हा साठेक वर्षं अवकाश होता.

आणखी एक. मज्जारज्जूत मायग्रेनचे किंवा वयाचे ठिपके पडत नाहीत. मेंदूतल्या ठिपक्यांबद्दल शंका राहिली तर मज्जारज्जूची चित्रं फार उपयोगी पडतात. तिथे दोन मणक्यांपेक्षा कमी लांबीचा, एका कडेला बसलेला डाग दिसला तर पारडं एमएसकडे झुकतं.

निरभ्र

डॉक्टर, राग मानू नका, पण हे सगळं माहीत असताना तो शब्द रिपोर्टात का लिहिता? माझ्या मेहुण्यांना दोन वर्षं एमएसचं औषध चालू होतं. दर आठवड्याला सुई टोचून घेत होते, त्या रात्री तापानं फणफणायचे. दुसऱ्या डॉक्टरांनी जुनी चित्रं पाहून सांगितलं, हा एमएस नव्हेच. रक्तदाब आणि जुनं मायग्रेन. दोन वर्षं त्या माणसानं बढती नाकारली, धाकट्या मुलीच्या शिक्षणाचे बेत बदलले. त्या एका शब्दामुळे.

किरणवाचक

राग कसला मानू. तुमच्या मेहुण्यांसोबत जे झालं ते वाईट झालं, आणि ते एकटे नाहीत. लॉस एंजलिसमधल्या दोन केंद्रांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. एमएसचं निदान घेऊन तिथे नव्यानं आलेल्या २४१ रुग्णांची पुन्हा तपासणी केली, तेव्हा ४३ जणांना एमएस नसल्याचं आढळलं. म्हणजे १८ टक्के. त्यांत सर्वांत जास्त होते मायग्रेनचे रुग्ण, आणि त्या ४३पैकी बहुतेकांनी एमएसची औषधं घेतलेली होती.

शब्द का लिहितो, तेही सांगतो. माझ्यासमोर चित्रं येतात, माणूस येत नाही. फॉर्मवर 'डोकेदुखी' एवढंच असतं. वय ३४, ठिपके आहेत. मी 'मायग्रेनचे असावेत' म्हटलं आणि तिला सहा महिन्यांपूर्वी एका डोळ्यानं धूसर दिसलं होतं हे मला कोणी कळवलंच नसेल, तर माझ्या हातून एमएस सुटतो. ही भीती खरी आहे. पण भीतीपोटी लिहिलेलं प्रश्नचिन्ह रुग्ण प्रश्नचिन्ह म्हणून वाचत नाही, हे मी या धाग्यावर पहिल्यांदा इतकं स्पष्ट वाचतोय. ठिपके कुठे आहेत, किती आहेत, एमएसच्या ठरावीक जागी आहेत की नाहीत, हे सरळ वाक्यात लिहिता येतं. मी लिहीत आलोय, पण दरवेळी नाही.

सावली

माझी दुसरी बाजू ऐका. मला एमएस आहे, नऊ वर्षं झाली. मला त्या शब्दानं वाचवलं.

२७ वर्षांची होते. डावा डोळा हलवला की आतून दुखायचा. दोन दिवसांत धुरकट दिसायला लागलं आणि लाल रंग विटका वाटायला लागला. एक डोळा झाकून लाल ओढणी बघायची, मग दुसरा झाकून. उजव्यानं लाल, डाव्यानं मातकट. चष्म्याचा नंबर तपासून घेतला, काही निघालं नाही. मग डोळ्यांच्या डॉक्टरांनी ऑप्टिक न्यूरायटिस, म्हणजे डोळ्याच्या नसेची सूज, ओळखली आणि एमआरआय सांगितला.

मेंदूत सात डाग निघाले. काँट्रास्ट दिल्यावर त्यातला एकच चमकला. तो एक नवा, बाकीचे जुने. मला कळलंही नव्हतं आणि हा आजार माझ्या डोक्यात आधीच येऊन गेला होता, एकदा नव्हे, बहुधा बऱ्याचदा. न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं की पूर्वी दुसरा अटॅक येईपर्यंत थांबावं लागे, आता एकाच दिवसाच्या चित्रावरून सांगता येतं. औषध त्याच महिन्यात सुरू झालं. त्यानंतर एकदाच अटॅक आला.

म्हणून निरभ्र, तुमचं दुःख पोचलं, पण रिपोर्टातून हा शब्द काढूनच टाका असं कोणी म्हणू लागलं तर मला भीती वाटेल.

किरणवाचक, त्या 'चमकण्या'मागे काय असतं ते नीट सांगाल का? मला नऊ वर्षांत कुणी धड सांगितलं नाही.

किरणवाचक

काँट्रास्टमध्ये गॅडोलिनियम असतं. ते रक्तातून फिरतं, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की एरवी ते मेंदूत झिरपत नाही. ताज्या डागात सूज असते, तिथे ती भिंत गळकी झालेली असते. गॅडोलिनियम आत शिरतं आणि टी१ चित्रात ती जागा उजळते. ही गळती साधारण काही आठवडेच टिकते. म्हणून चमकणारा डाग ताजा आणि न चमकणारा जुना.

एमएसच्या निदानाला दोन गोष्टी लागतात : आजार एकाहून जास्त जागी आहे आणि एकाहून जास्त वेळा आलेला आहे. तुमच्या एकाच तपासणीत जुने आणि ताजे डाग एकत्र सापडले, म्हणजे 'जास्त वेळा'चा पुरावा तिथेच मिळाला. हे निकष न्यूरॉलॉजिस्ट इयन मॅकडोनल्ड यांच्या नावानं २००१ मध्ये आले आणि नंतर सुधारत गेले. २०१७ मध्ये पाठीतल्या पाण्यात (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात) सापडणाऱ्या ऑलिगोक्लोनल बँडना, म्हणजे तपासणीत दिसणाऱ्या अँटिबॉडींच्या पट्ट्यांना, मान मिळाला. २०२४च्या सुधारणेत डोळ्याची नस ही पाचवी जागा धरली गेली.

त्याच सुधारणेत शिरेची खूणही आली. विशेष चित्रांत डागाच्या बरोबर मधून जाणारी शीर काळ्या रेघेसारखी दिसते. एमएसच्या बहुतेक डागांत ती असते, मायग्रेनच्या किंवा रक्तदाबाच्या ठिपक्यांत क्वचित. निरभ्रच्या मेहुण्यांसारख्या लोकांसाठी ही रेघ फार मोलाची आहे.

वाटसरू_७

प्रश्न बाळबोध असेल, पण सीटी स्कॅन चालत नाही का? लवकर होतो, आवाजही नाही.

किरणवाचक

या आजारांसाठी नाही. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९८१ मध्ये एमएसच्या १० रुग्णांची दोन्ही तंत्रांनी तपासणी झाली. सीटीत १९ डाग दिसले. एमआरआयनं त्याखेरीज आणखी ११२ दाखवले. तेव्हाचा एमआरआय आजच्या तुलनेत अगदी ओबडधोबड होता, तरीही. सीटी रक्तस्राव आणि हाड यांसाठी उत्तम, मायलिनसाठी नाही.

ओंजळ

माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा. ताप येऊन गेला, बरा झाला, आणि आठवड्याभरात दिवसभर झोपून राहू लागला. उठवलं की चिडायचा, चालताना झोकांड्या जायच्या. एमआरआयची चित्रं डॉक्टरांनी दाखवली तेव्हा मी मान फिरवली. ठिपके नव्हतेच ते, कापसाचे बोळे होते, मोठमोठे, दोन्ही बाजूंना, आत खोलवरसुद्धा.

एडेम सांगितलं. संसर्गानंतर प्रतिकारशक्ती एकदम उसळते आणि मायलिनवर पडते. लहान मुलांत जास्त. स्टिरॉइड दिलं, पाचव्या दिवशी त्यानं स्वतःहून पाणी मागितलं. रक्तात मॉग नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी सापडली.

तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय केला. जवळजवळ सगळं गेलेलं. मी विचारलं, इतकं मोठं काही असं पुसलं कसं जातं? डॉक्टर म्हणाले, मॉगच्या आजारात असं होतं. एमएसचा डाग लहान असला तरी व्रण ठेवून जातो, हा मोठा असून पुष्कळदा निघून जातो. ज्या आईबापांच्या हातात आत्ता ती पहिली चित्रं आहेत त्यांच्यासाठी हे लिहिलं. डाग केवढा आहे यावरून मूल किती बरं होईल ते ठरवू नका.

किरणवाचक

ओंजळ, नेमकं लिहिलंत. डाग विरून जाणं ही आता मॉगच्या आजाराची ओळखच मानतात. म्हणून दुसरी तपासणी कधीकधी पहिलीपेक्षा जास्त सांगते.

पायवाट

माझ्या बायकोचं उचकीपासून सुरू झालं. हसू नका, तीन आठवडे उचकी थांबत नव्हती आणि वर उलट्या. जेवण तर सोडाच, झोपेतही उचकी. पोटाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, पोट स्वच्छ. ॲसिडिटीची औषधं बदलत राहिलो. उचकी आपोआप थांबली आणि आम्ही सुटलो म्हणून समाधान मानलं. दोन महिन्यांनी तिची कमरेखालची संवेदना गेली, लघवी अडली.

एमआरआयमध्ये मज्जारज्जूत सलग पाच मणक्यांच्या उंचीएवढा डाग. रेडिऑलॉजिस्टनी मेंदूस्तंभाच्या तळाशी, मागच्या बाजूला, एक बारीकसा उजळ डागही टिपला आणि आम्हाला बोलावून विचारलं, "यांना मध्ये खूप उचकी किंवा उलट्या झाल्या होत्या का?" मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. दोन महिने आम्ही ज्याला पोटाचं दुखणं समजत होतो ते त्यांनी चित्रात बघून ओळखलं होतं.

आजार न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, यात प्रतिकारशक्ती मुख्यतः डोळ्याच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते. रक्तात अॅक्वापोरिन-४ नावाच्या प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी निघाली.

किरणवाचक

त्या जागेला एरिया पोस्ट्रेमा म्हणतात. उलटीचं केंद्र तिथे आहे. मज्जारज्जूत तीन किंवा अधिक मणक्यांएवढा लांब डाग दिसला की एमएसऐवजी आधी या आजाराचा आणि मॉगचा विचार करायचा. न्यूरोमायलायटिस ऑप्टिकाची अँटिबॉडी २००४ मध्ये सापडली. त्याआधी अनेक वर्षं याला एमएसचाच एक प्रकार समजत. वेगळं ओळखणं का गरजेचं, तर एमएसची काही औषधं, उदाहरणार्थ इंटरफेरॉन बीटा, या आजारात अपाय करू शकतात.

पायवाट, तुमच्या रेडिऑलॉजिस्टनी केलं ते मला रोज करता यावं असं वाटतं. चित्र बघून माणसाला प्रश्न विचारायचा.

रुपेरी

गॅडोलिनियम मेंदूत साठतं असं वाचलं. सावलीताई, तुम्ही दरवर्षी घेता का? मला दर वेळी देतात, मी घाबरून आहे.

किरणवाचक

साठतं, हे खरं. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी वारंवार काँट्रास्ट घेतलेल्यांच्या मेंदूतल्या काही भागांत त्याच्या खुणा दाखवल्या. त्यामुळे मेंदूला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही, पण उगाच का द्यायचं? युरोपात २०१७ मध्ये जुन्या 'सरळ साखळी'च्या काही काँट्रास्टवर बंदी आली. आता वापरतात ती बहुधा 'वलयाकार' जातीची, ज्यात गॅडोलिनियम घट्ट धरून ठेवलेलं असतं. मूत्रपिंडं अधू असतील तर आधी सांगायचंच.

२०२१च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींप्रमाणे नेहमीच्या पाठपुराव्याला दर वेळी काँट्रास्टची गरज नाही. जुन्या चित्रांशी नीट तुलना केली तर नवा डाग काँट्रास्टशिवाय सापडतो. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा की या वेळी काँट्रास्टमुळे उपचारात काय बदलणार आहे. उत्तर मिळायला हवं.

चुंबकवाला

मी एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट. बरेच दिवस नुसता वाचतोय. आमच्या खोलीतलं थोडं सांगतो.

तुलना करायची तर चित्रं सारखी हवीत. शक्यतो दर वेळी त्याच मशिनवर करा. १.५ टेस्लावरून ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) गेलात तर जास्त डाग दिसू शकतात आणि रुग्णाला वाटतं आजार वाढला. डोकं दर वेळी त्याच कोनात धरावं लागतं, नाहीतर ३ मिलिमीटरचा डाग एका वर्षी दोन कापांच्या मध्ये हरवतो. आता पूर्ण मेंदूची त्रिमितीय फ्लेअर करतो, तिचे काप साधारण १ मिलिमीटरचे. तिथे ही भीती कमी.

फिल्म घरी ठेवा, पण महत्त्वाची सीडी. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी. ती हरवू नका, पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. आणि फॉर्मवर काय लिहून आणलंय ते आत जाण्याआधी स्वतः वाचा. 'डोकेदुखी' एवढंच असेल तर मला सांगा, मी रेडिऑलॉजिस्टना कळवतो. कधी एका डोळ्यानं कमी दिसलं, हात बधिर झाला, तोल गेला, हे सगळं हवं. मायग्रेन असेल तर तेही.

पेसमेकर, कानातलं यंत्र, मेंदूतली क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला असेल तर आधी सांगा. यात संकोच करू नका.

बंद जागेची भीती वाटणारे खूप असतात. डोळ्यांवर पट्टी आत सरकायच्या आधी बांधून घ्या, आत गेल्यावर नाही. हातात फुगा देतो, तो दाबला की मी थांबवतोच. पाय हलले तरी चालतं असं वाटतं, पण पाय हलला की डोकंही जरासं हलतं, आणि मग ज्याच्यासाठी आलात तोच डाग पुसट होतो. खोकला येणार असेल तर दोन आवाजांच्या मध्ये घ्या.

वाटसरू_७

सीडी एखाद्या एआय ॲपमध्ये टाकून बघितली तर?

किरणवाचक

डाग मोजायला आणि जुन्या चित्राशी ताडायला संगणक चांगला, थकत नाही. आम्हीही अशी साधनं वापरतो. पण त्याला उचकी माहीत नाही, लाल रंग विटका दिसला हे माहीत नाही. आणि आपल्या मेंदूची चित्रं नावासकट कुठल्याही ॲपला देऊ नका.

जुनी_वही

एक वेगळीच गोष्ट. वडिलांचं सोडियम खूप खाली गेलं होतं. ते गुंगीत, आणि डॉक्टर सलाइन थेंबाथेंबानं देत होते. मी भांडले, म्हटलं भरभर द्या ना. त्यांनी बाहेर नेऊन समजावलं की सोडियम घाईनं वर नेलं तर मेंदूस्तंभातलं मायलिन उद्ध्वस्त होऊ शकतं आणि माणूस ऐकू येत असूनही बोलू-हलू शकत नाही अशी अवस्था येते. एमआरआयवर पहिल्या काही दिवसांत ते दिसतही नाही, दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. बाबा चार दिवसांनी शुद्धीवर आले. त्या डॉक्टरांची मी नंतर माफी मागितली.

निरभ्र

एक शंका राहिली. लक्षण काहीच नाही आणि ठिपके मात्र बरोबर त्या चार जागी, असं असेल तर? सोडून द्यायचं?

किरणवाचक

नाही. त्याला वेगळं नाव आहे, आरआयएस (रेडिऑलॉजिकली आयसोलेटेड सिंड्रोम, म्हणजे खुणा फक्त चित्रात, लक्षण नाही). २००९ पासून वापरात आहे. डोक्याला मार लागला म्हणून एमआरआय केला आणि अगदी एमएससारखे डाग निघाले, असे लोक. त्यांच्यातल्या साधारण एकतृतीयांशांना पाच वर्षांत आणि निम्म्यांना दहा वर्षांत पहिला अटॅक येतो. याचाच अर्थ निम्म्यांना दहा वर्षांत काही होत नाही. २०२४च्या निकषांप्रमाणे यातल्या काहींना, शिरेची खूण किंवा पाठीतल्या पाण्याचा पुरावा सोबत असेल तर, लक्षणांआधीच एमएस म्हणता येतं. म्हणून हे न्यूरॉलॉजिस्टच्या नजरेखाली राहायला हवं. तुमच्या मेहुण्यांचे ठिपके आणि हे ठिपके कागदावर एकाच शब्दात लिहिले जाऊ नयेत.

सावली

माझे डाग सात. माझ्यासोबत उपचार घेणाऱ्या एकीचा मज्जारज्जूत एकच, आणि ती काठी घेऊन चालते. मी धावते. डाग मोजून काही कळत नाही, हे नऊ वर्षांत शिकले.

किरणवाचक

मज्जारज्जू करंगळीएवढा जाड, सगळे रस्ते तिथून दाटीवाटीनं जातात. मेंदूत वळसा घ्यायला जागा असते. शिवाय सालीतले डाग नेहमीच्या एमआरआयला फारसे दिसत नाहीत आणि दिसणाऱ्या डागांखेरीज मेंदू हळूहळू आक्रसतो तेही मोजावं लागतं. चित्र आणि माणूस यांच्यात अशी तफावत राहतेच.

मुक्तछंद

(सात महिन्यांनी धागा वर काढतेय.)

बहिणीचा दुसरा एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले होते की तिच्या मनाची खात्री व्हावी म्हणून एकदाच करू, काँट्रास्ट नको. तेच मशिन. चुंबकवाला, तुम्ही सांगितलं तसं तिनं फॉर्म हातात घेऊन वाचला आणि खाली स्वतःच्या अक्षरात जोडलं : 'वयाच्या १९व्या वर्षापासून मायग्रेन. डोळ्यांचा त्रास कधी नाही. अशक्तपणा नाही.' जुनी सीडी बरोबर नेली.

रिपोर्टात आलंय : ठिपके आधीइतकेच, नवीन नाहीत. पोकळ्यांच्या कडेला, सालीला लागून, मेंदूस्तंभात किंवा लहान मेंदूत एकही नाही. मायग्रेनशी सुसंगत. प्रश्नचिन्ह नाही. तिनं तो कागद दोनदा वाचला आणि दुपारी तीन तास गाढ झोपली.

किरणवाचक

रिपोर्ट असा लिहायला हवा. मी गेल्या काही महिन्यांत 'या जागी डाग नाहीत' हे वाक्य दरवेळी लिहायला लागलोय.

सावली

मुक्तछंद, फार बरं वाटलं. माझा वार्षिक एमआरआय उद्या सकाळी आहे. दर वर्षी आदल्या रात्री झोप लागत नाही, आजही लागणार नाही.

चुंबकवाला

सावलीताई, पट्टी आधी बांधा. आणि गेल्या वर्षीची सीडी?

सावली

पिशवीत ठेवली. दाराशी.